आरपार दिसणारं पाणी

सलग दुसऱ्या सकाळी कारखान्याबाहेर जाणारं पाणी लाल निघालं, आणि केमिस्ट बाईंचा पारा चढला.

आदल्या संध्याकाळी हेच पाणी तिने स्वतः काचेच्या भांड्यात घेतलं होतं. भांड्यामागे छापील कार्ड धरलं, तर सगळ्यात खालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. सरकारी तपासनीसाची परीक्षा एवढीच होती. अक्षरं दिसली की पास. उद्या सकाळी सातला तो येणार होता. पाणी लाल निघालं तर तिची योजना बंद आणि नोकरीही संपली.

योजना साधी होती. कँटीनमधला चहाचा चोथा उकळायचा, त्या अर्कात लोखंडाचा क्षार घालायचा. त्यातून काळी पावडर बने, डोळ्याला कण दिसू नये इतकी बारीक. सूत रंगवून उरलेल्या पाण्यातला रंग ती पावडर ओढून घेई. रंगमास्तर तिला चोथाबाई म्हणत. तिच्या यशाने त्यांच्या पोटात दुखतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा पाण्यात रंग कोण ओततं, याबद्दल तिला फारशी शंका नव्हती.

सांडपाण्याच्या टाक्यांवर तिचे वडीलच कामाला होते, तीस वर्षं. तिने त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, आपण तर कोणाला पाहिलं नाही. एवढं बोलून ते झडप पुसायला लागले.

एरवीही ते मोजकंच बोलत. महिन्यापूर्वी मात्र त्यांनी एकदा विचारलं होतं, रंग जातो हे ठीक, पण रंग पक्का करायचं ते रसायन? ज्याच्या पिंपावर कवटीचं चित्र असतं ते? ती म्हणाली होती, त्याला ना रंग ना वास, आणि पावडर त्याला शिवत नाही. ते पुढच्या टप्प्यात बघू. तपासनीसाच्या कागदावर त्याचा रकानाच नव्हता.

दुपारी ती नेहमीसारखी आत्याकडे जेवायला गेली. आत्याचं घर कारखान्यामागच्या गल्लीत होतं. लांबच्या नळावरून पाणी वाहून वाहून गुडघ्यांनी हैराण झालेली आत्या हल्ली भलतीच खुशीत असे. स्वयंपाकघरात तिने नवं मोठं पिंप घेतलं होतं.

"गुडघे कसे आहेत?" भाचीने विचारलं.

"तुझ्या कृपेने सुटले बघ," आत्या हसून म्हणाली, आणि भाचीची रिकामी बाटली भरून आणायला आत गेली.

आत्याला थट्टेची सवयच होती. भाचीने चार घास खाल्ले आणि बाटली घेऊन निघाली. डोक्यात रंगमास्तरच होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती कारखान्यात पोचली आणि पंपाच्या मागे दबा धरून बसली. काल आत्याने भरून दिलेल्या बाटलीतलं पाणी ती घोट घोट पीत राहिली. रंगमास्तरांना रंगेहाथ पकडून काय काय सुनवायचं, ते मनात घोळवत होती.

सहाला पावलं वाजली. येणाऱ्याच्या हातात घट्ट लाल रंगाने भरलेला मग होता. नाल्याच्या तोंडाशी तो माणूस वाकला, आणि तिला धक्काच बसला.

"बाबा?"

हातातला मग तोवर रिकामा झाला होता. ते दचकले, पण पळाले नाहीत.

"पोटची पोर आहे मी," ती म्हणाली. "माझ्या पोटावर पाय देताना काहीच वाटलं नाही?"

त्यांनी रिकामा मग खाली ठेवला.

"बोलायला हवं होतं," ते म्हणाले. "तीन वेळा तोंडापर्यंत आलं. तुझ्या आनंदावर विरजण घालवेना."

"मग हे काय केलंत?"

त्यांनी भिंतीपलीकडे बोट दाखवलं. तिने टाचा उंचावून पाहिलं. मागच्या गल्लीतल्या सात-आठ बायका बादल्या घेऊन नाल्याकाठी उभ्या होत्या. लाल पाणी आलेलं पाहून त्या कुरकुरत माघारी वळत होत्या.

"लाल होतं तेव्हा कोणी बोटसुद्धा बुडवत नव्हतं," ते म्हणाले. "तू स्वच्छ केलंस आणि घराघरात पिंपं भरली. त्यात कवटीवालं रसायन आहे असं मी सांगितलं तर बायकांनी मलाच वेड्यात काढलं. पहिली बादली माझ्या बहिणीनेच नेली. गल्लीभर सांगत फिरते, माझ्या भाचीचं पाणी आहे, खुशाल प्या."

तिने हातातल्या बाटलीकडे पाहिलं. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. कार्डावरची सगळ्यात खालची अक्षरंसुद्धा त्यातून वाचता आली असती.