काशीला सोडलेलं कारलं

दोहात मुलाकडे राहायला आलेल्या शशिकलाबाईंना नातीने, ईश्वरीने, जेवताना विचारलं, "आजी, हराम म्हणजे काय? शाळेत माझी मैत्रीण मरियम सतत म्हणते."

शशिकलाबाई खुलल्याच. "अगं, आपण वर्ज्य म्हणतो ना, तेच! काशीला गेलं की देवासाठी एक पदार्थ सोडायचा. मी कारलं सोडलं. आता मरेपर्यंत तोंडात घालायची नाही!"

"तुला खूप आवडायचं?"

"छे गं! कडू जहर मेलं!" त्या बोलून गेल्या. सूनबाईंनी हसू लपवायला ताटात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली स्कूलबस हॉर्न मारत होती आणि शशिकलाबाई दुधाचा पेला घेऊन नातीच्या मागे धावत होत्या.

 

ईश्वरीने भक्तिभावाने हात जोडले. "हराम, आजी! दूध मी दोहाला सोडलं."