गॅलरीचं दार

पिवळं वर्तुळ गॅलरीच्या दाराशी आलं आणि अडलं. वर्तुळाची कड दोन्ही बाजूंनी भिंतीवर चढली होती. त्यानं माऊस सोडला, पुन्हा धरला, वर्तुळ जरा वर नेलं, जरा खाली नेलं. दार काही मोठं झालं नाही.

“नाही जात,” तो म्हणाला.

वर्तुळ म्हणजे आईची चाकाची खुर्ची. सकाळीच त्यानं ती टेपनं मोजली होती, चाकं ढकलताना आईची कोपरं बाहेर येतात तीसुद्धा धरून. मग तेवढ्याच मापाचं वर्तुळ कॉम्प्युटरवर काढून त्यात पिवळा रंग भरला होता. त्याचं कामच ते. बिल्डिंगच्या ड्रॉइंगची पीडीएफ उघडायची, भिंतींवर रेघा ओढायच्या, दारं-खिडक्यांवर खुणा करायच्या आणि विटा किती, फरशी किती, रंग किती ते काढून द्यायचं. आज समोर नव्या फ्लॅटचा प्लॅन होता. घ्यायचा की सोडायचा, ते उद्या सकाळी कळवायचं होतं.

बाकी सगळं जमत होतं. बाथरूमच्या दारातून वर्तुळ आरामात जाऊन आलं, बोळात वळायला जागा होती. पण हा सगळा खटाटोप होता तो गॅलरीसाठी. सध्याच्या घरात गॅलरीला वीतभर उंच उंबरा. खुर्ची उचलायला दोन माणसं लागायची. त्यामुळे “आई, गॅलरीत नेऊ का?” असं कुणी विचारलं की आई म्हणायची, “नको रे, ऊन फार आहे.” ढगाळ दिवशीही तेच म्हणायची. नव्या फ्लॅटच्या गॅलरीला उंबराच नव्हता.

“कितीनं कमी पडतंय?” बायकोनं विचारलं.

“दीड सेंटिमीटर.”

“एवढंच ना? दार मोठं करून घेऊ की.”

“दोन्हीकडे काँक्रीटचे खांब आहेत. त्यांना हात लावता येत नाही.”

आई मागे खुर्चीत बसून सगळं बघत होती. “अरे, पण ते आधी मोजलंस का?”

“काय ते?”

“मला काय विचारतोस? तूच रोज फोनवर बोंबलत असतोस ना ऑफिसातल्या लोकांवर? छापलेल्या स्केलवर विश्वास ठेवू नका, आधी माहीत असलेलं एक तरी माप मोजून बघा म्हणून. भिंतीपलीकडे माझं जेवण गोड लागत नाही त्या ओरडण्यानं.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ऑफिसात कुणी हे न करता पहिली रेघ ओढली असती, तर त्यानं त्याला फैलावर घेतलं असतं. आणि घरच्या कामात, तेही आईच्या कामात, प्लॅनच्या कोपऱ्यात छापलेलं स्केल, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर खरा किती ते, त्यानं डोळे मिटून मान्य केलं होतं.

दारांची मापं प्लॅनमध्ये लिहिलेली नव्हती, पण खोल्यांची होती. हॉलची लांबी साडेचार मीटर. त्यानं चित्र मोठं केलं, भिंतीच्या एका टोकावर क्लिक केलं, मग दुसऱ्या टोकावर. स्क्रीनवर माप उमटलं. चार मीटर अठरा सेंटिमीटर.

“कुणीतरी कागदात बसवायला अख्खा प्लॅन आक्रसून टाकलाय,” तो म्हणाला. “घर लहान झालंय आणि खुर्ची आपली होती तेवढीच.”

ही रेघ साडेचार मीटरची आहे, असं त्यानं सॉफ्टवेअरला सांगितलं. जुनं वर्तुळ पुसून टेपच्याच मापानं नवं काढलं. ते किंचित लहान आलं. बोळ, हॉल, दार. वर्तुळ दाराशी आलं आणि आत शिरलं. दोन्ही बाजूंना बोटभर पांढरी फट राहिली. मग ते पलीकडे निघालं.

आजवर त्यानं किती हजार दारं मोजली असतील कोण जाणे. दार म्हणजे एक नग. क्लिक केलं, आकडा वाढला, पुढचं दार. दारातून माणूस बाहेर जातो, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं.

“मला दे,” आई म्हणाली.

बायकोनं खुर्ची टेबलाशी आणली. त्यानं वर्तुळ परत आईच्या नव्या खोलीत नेऊन ठेवलं आणि माऊस तिच्या हाताखाली सरकवला. आई निघाली. बोळात वर्तुळ भिंतीला घासलं.

“अगं बाई! नवा रंग!”

बायको हसली. त्याला हसता येईना.

स्वयंपाकघराच्या दाराशी आई थांबली. “आज काय केलंय ते बघून जाते,” म्हणाली, आणि खरोखरच थोडा वेळ थांबली. मग तिनं हॉल ओलांडला. गॅलरीचं दार आलं. वर्तुळ बाहेर पडलं. कुणी उचललं नव्हतं, कुणी मागून ढकललं नव्हतं. आईनं ते कठड्याशी नेलं आणि माऊसवरचा हात काढून मांडीवर घेतला.

फाइल सेव्ह करायला त्यानं हात पुढे केला.

“हलवू नकोस,” आई म्हणाली.

“आई, ऊन फार असेल हं तिथे,” बायकोनं चिडवलं.

आईची नजर स्क्रीनवरून हलली नाही.

“असू दे.”