एक डबा कमी

सुप्याच्या माळावरच्या गोदामात शिंगट्यांचा फोन आता वाजतच नसे. पूर्वी आलेला माल आणि बिल जुळलं नाही, की पुण्याच्या ऑफिसातून हिशेबाच्या मोघेबाई तासभर हुज्जत घालत. आता ऑर्डर, माल, बिल सगळं कॉम्प्युटरच जुळवून घेई. अडलं, तरच बिल माणसाकडे जाई.

आज रंगाचे डबे पुरेपूर आले होते. शिंगट्यांनी नोंदीत मुद्दाम एक डबा कमी लिहिला आणि ते फोनजवळ बसून राहिले.

दुपारी फोन वाजला.

"शिंगटे, एक डबा कमी कसा?"

"मोजताना चुकलो असेन, बाई. परत मोजतो." ते खुर्चीतून उठलेच नाहीत.

"सावकाश मोजा," मोघेबाई म्हणाल्या. "मला तरी हल्ली कुठं काम असतं? मी फोन धरून बसते."