एकतीस कपच्या आणि एक पोकळी

“हात लावायचा नाही हं, व्याही!” बाई ओरडल्या.

व्याह्यांनी पुढे केलेला हात मुकाट्याने पाठीमागे नेला. मासेमारीची बोट चालवणारा चांगला दांडगा माणूस, पण बाईंपुढे त्यांचं मांजर व्हायचं. एरवी त्यांना इथे प्रवेशच नव्हता; ओल्या हातांची माणसं बाई दारातच अडवत. आज सामान हलवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून सुनेने, म्हणजे बाईंच्याच लेकीने, सासऱ्यांना धाडलं होतं.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला असलेल्या या खोलीत बाईंनी अकरा वर्षं एकच उद्योग केला. टेकडीवरच्या गुहेत दगडाच्या कपच्या सापडल्या होत्या. पन्नासेक हजार वर्षांपूर्वी तिथे बसून कोणीतरी एक गोटा फोडला, त्यातून हत्यार घडवलं, आणि हा कचरा मागे टाकला. बाईंनी एकेक कपची उचलून दुसरीला जुळवून पाहिली. एकतीस जुळल्या. वाळूच्या परातीत गोटा पुन्हा उभा राहिला, फक्त आतून पोकळ. घडवणारा आपलं हत्यार घेऊन निघून गेला होता.

कुठे गेला असेल, असं कोणी विचारलं की बाई खिडकीबाहेर समुद्राकडे बोट दाखवायच्या. “तेव्हा पाणी फार लांब होतं. दोन दिवस चालावं तेवढं. मधे सगळी जमीन. तो खाली उतरला.”

संग्रहालयाचे साहेब हसायचे. साहेब बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, पण पुराव्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. आज बाई निवृत्त होत होत्या आणि उद्यापासून खोली दुसऱ्या कामाला हवी होती. गोटा सुटा करून एकतीस कपच्या एकतीस पिशव्यांत भरायच्या, असं ठरलं होतं. बाईंना सकाळपासून रडू येत होतं, म्हणून त्या दिसेल त्याच्यावर खेकसत होत्या.

“आधी ते कपाट रिकामं करा,” त्यांनी व्याह्यांना फर्मावलं.

कपाटाच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पांढरं निघालं. गेलेलं हत्यार दिसायला कसं असेल ते कळावं, म्हणून बाईंनी एकदा गोट्याच्या पोकळीचा प्लास्टरमध्ये ठसा घेतला होता. साहेब त्यालाही हसले, तसा तो कपाटात गेला होता.

व्याह्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. “विहीणबाई, हा पांढरा कशाला केलात? काळा आहे की माझ्याकडे.”

“काय आहे तुमच्याकडे?”

“हाच दगड. जाळ्यात आला होता, झाली तीन-चार वर्षं. बर्फाच्या पेटीवर ठेवतो, झाकण उडू नये म्हणून.”

बाईंनी ठसा त्यांच्या हातातून काढून घेतला. “जाळं कुठे टाकलं होतं?”

“लांब हो. चार तास बोट हाणली की चाळीस वाव, म्हणजे अडीचशेक फूट, खोल पाणी लागतं, तिथे.”

“मेल्या...” बाईंनी जीभ चावली. व्याह्यांना असं कोणी बोलत नाही. “अहो, मग उभे काय राहिलात? पळा!”

बोटींचा धक्का खिडकीखालीच होता. व्याही चपला न घालताच धावले. आरडाओरडा ऐकून साहेब आले, हातात त्या रिकाम्या पिशव्या. सगळं ऐकून घेऊन ते जपून म्हणाले, “बाई, समुद्रात असे दगड ढिगाने असतात.”

“कळतं मला,” बाई म्हणाल्या. कळत होतं, तरी त्या खिडकीतून धक्क्याकडे पाहत राहिल्या.

व्याही धापा टाकत परत आले. दगड तळहाताएवढा, काळपट हिरवा, मासळीच्या वासाचा. “खलाशी याने खेकडे फोडतो,” त्यांनी खालमानेने सांगून टाकलं. “जरासा टवका उडालाय.” दुसरा एखादा दिवस असता, तर बाईंनी ना नातं पाहिलं असतं ना वय. आज त्यांनी दगड नुसता फडक्याने पुसला. त्यातून दोऱ्याएवढी पांढरी रेघ गेली होती.

परातीतल्या गोट्यातही तशी रेघ होती. पोकळीच्या काठाशी येऊन ती तुटायची आणि पलीकडच्या काठापासून पुन्हा सुरू व्हायची. ती तुटलेली जागा बाईंना झोपेतही दिसायची.

त्यांनी वरच्या चार कपच्या अलगद काढल्या आणि दगड आत ठेवला. बसेना. साहेबांनी नजर दुसरीकडे वळवली.

“अहो, उलटा धरलात,” व्याही म्हणाले. “निमुळतं टोक तिकडे करा.”

बाईंनी दगड फिरवला. टक् असा बारीक आवाज झाला. चारही कपच्या जागच्या जागी बसल्या, आणि रेघ या काठापासून त्या काठापर्यंत सलग गेली.

साहेबांनी हातातल्या पिशव्यांची घडी घातली आणि ती खिशात कोंबली. “राहू दे सगळं असंच,” ते म्हणाले. “खोलीचं मी बघतो. बाई, तो खरंच खाली उतरला होता हो!”

“मग अकरा वर्षं मी काय सांगत होते!” बाईंनी टाळीच पिटली. इतका आनंद त्यांना लेकीच्या लग्नातही झाला नव्हता, आणि तसं व्याह्यांपुढे बोलून दाखवायलाही त्या लाजल्या नाहीत. डोळे पुसत त्यांनी परात पुढे सरकवली. “व्याही, लावा आता हात.”

व्याह्यांनी दोन्ही हात सदऱ्याला खसाखसा पुसले. मग एकच बोट त्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि खिडकीबाहेरच्या आपल्या बोटीकडे पाहिलं.

“गेला चालत,” ते म्हणाले, “आणि आला आमच्या बोटीतून.”