बेरजेची डिस्क

१९८८ सालच्या मे महिन्यात लकडगंजातल्या एका कार्यालयात भरदुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. मग काचेच्या खोलीतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला.

संगणकावर काम करणारा चंद्रभान दाराशी चपला सोडून आत धावला. संगणकाच्या खोलीत तेव्हा चपला चालत नसत. बाहेर नागपूर भाजून निघायचं आणि आतली माणसं स्वेटर घालून बसायची. चार यंत्रं होती, कपाटाएवढी, आणि प्रत्येकात ताटाएवढ्या तबकड्यांची एक चवड फिरायची. तिला सगळे डिस्क म्हणत. त्यांतली दुसरी खरवडली गेली होती.

त्या डिस्कांवर वाघनाल्याच्या खोऱ्यातल्या जमिनीची उंची होती, बिंदूबिंदूची. नाल्यावर धरण होणार होतं. पाण्याच्या रेषेखाली येणारी गावं उठणार, वरची राहणार. आकडे यंत्रावर चढवल्यावर मोजणीचे कागद रद्दीत गेले होते. यंत्रावर तेव्हा तसा विश्वास होता.

"घाबरू नको," कार्यालयाचे प्रमुख दत्तोपंत म्हणाले. ही मांडणी त्यांचीच होती. "पहिल्या तिघींवर आकडे, चौथीवर तिघींची बेरीज. त्या बेरजेतून उरलेल्या दोघी वजा कर. गेलेली परत येते."

"हो, साहेब."

"आणि हे बघ, चिचटोली तुझं गाव ना? दुसऱ्या कोणाला हे जमणार नाही म्हणून तुला देतो. उद्या कोणी बोट दाखवायला नको."

"नाही दाखवणार, साहेब."

हिशोब चंद्रभानच्या हाती असल्याची बातमी चिचटोलीला पोचलीच. दुसऱ्या दिवशी चंद्रभान शहराच्या कडेला हुडकेश्वरला आपल्या खोलीवर आला, तर ओट्यावर त्याची माय भागीरथा आणि काका शालिकराम बसलेले. आजूबाजूला तेव्हा नुसते रिकामे प्लॉट आणि बाभळी.

"तुही मशीन जेवते का गा?" शालिकरामनं विचारलं. "जेवत असन तं तिले झुणका-भाकर चार. म्हण, बाई, एवढं आमचं गाव सोड."

"काका, ते तसं नसते."

"मंग कसं असते? दोन बुकं शिकला तं गाव बुडवाले निघाला!"

भागीरथानं दिराला हातानं थांबवलं. "मी काही मांगाले नाही आली, बाप्पा. सांगाले आली. मोजणीवाला पोरगा देवळाच्या ओट्यावर चहा पेत होता. मले म्हणे, माय, पाणी मारुतीच्या पायरीले लागन अन् थांबन. सारं गाव तं देवळाच्या वर हाये."

"माय, असं मले सांगत नको जाऊ."

"काहून? मी खोटं बोलून राहिली का?"

"साऱ्याच गावच्या माया असंच सांगतीन. मी कोणाकोणाचं ऐकू?"

पिशवीतून चिंचेची गोळी काढून भागीरथानं त्याच्या डब्याशेजारी ठेवली आणि दोघं शेवटच्या गाडीनं परत गेली.

काम सुरळीत चाललं होतं. एकेक गाव वजाबाकीतून वर येत होतं. चिचटोलीशी ते अडलं.

पहिल्या डिस्कवरही एक ओरखडा होता, नखाएवढा. नेमक्या तिथल्या बेरजेतून दोन आकडे एकदम हवे होते आणि दोन एकदम निघत नाहीत. पहिल्या डिस्कवरचा बिंदू निर्जन टेकडीवरचा होता, त्यानं कोणाचं काही बिघडणार नव्हतं. दुसरा चिचटोलीच्या गावठाणाचा. त्याच्या उत्तरेचा बिंदू रेषेच्या वर, दक्षिणेचा खाली. मधे काहीही बसलं असतं. पुन्हा मोजायचं तर खुणेचे दगड हवेत, ते गावानंच रागानं उपटून विहिरीत टाकले होते.

चंद्रभाननं हे कोणाला सांगितलं नाही. समोरच्या चहावर साय धरली. मग त्यानं एक आकडा घातला आणि पुढच्या गावाला लागला.

संध्याकाळी दत्तोपंतांनी विचारलं, "सगळे आले?"

"आले."

दत्तोपंतांनी त्याची पाठ थोपटली. साऱ्या कार्यालयाला संत्राबर्फी वाटली.

पावसाच्या तोंडावर यादी लागली. उठणाऱ्या गावांत चिचटोली होती.

सामान हलवण्याच्या दिवशी चंद्रभान गावी गेला. कोणी त्याला पाणी विचारलं नाही. "आले साहेब," शालिकराम म्हणाला, "खुर्ची आणा रे! आता खुर्चीच तं उरली बसाले." आणि बैल जुंपायला निघून गेला.

भागीरथा एकटीच त्याच्याशी बोलली. चुलीतली राख चाळून तिनं चुलीचे दगड पोत्यात घातले. "तुह्या यंत्रानं मोजलं, तं बरोबरच असन," ती म्हणाली. "तो पोरगा चहा पिऊन बोलला असन काहीबाही. तू मनाले लावून घेऊ नको."

चंद्रभाननं पोतं उचलून बैलबंडीत ठेवलं.

धरणाला पुष्कळ वर्षं लागली. दत्तोपंत सेवानिवृत्त झाले. माझ्या बेरजेनं एक आकडा वाया जाऊ दिला नाही, असं ते शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. शालिकरामनं कन्हानला पानठेला टाकला, पुतण्याचं नाव पुन्हा घेतलं नाही. चंद्रभान दत्तोपंतांच्या खुर्चीत बसला. त्याचा प्रामाणिकपणा नव्या पोरांना उदाहरण म्हणून सांगितला जाई: स्वतःचं गाव यादीत आलं, पण गडी हलला नाही. भागीरथा हुडकेश्वरला त्याच्याजवळ राहिली. दर पावसाळ्यात विचारायची, "बुडलं का गा आपलं गाव?" तो म्हणायचा, अजून नाही.

धरण काठोकाठ भरलं तेव्हा ती नव्हती. चंद्रभान एकटाच गेला. घरं केव्हाच पाडली होती, पण जोत्यांवरून गल्ल्या ओळखू येत होत्या. त्या कोरड्या ठणठणीत गल्ल्यांतून चालत तो देवळापर्यंत उतरला. पाणी मारुतीच्या पायरीला लागून थांबलं होतं.