हौदाची पायरी

परसातल्या माशांच्या हौदात आज पुन्हा माझा हात कोपरापर्यंत हिरवा झाला. शेवाळ काढा, पाणी बदला, आठवड्यात पुन्हा अळूचं फदफदं! शोभेच्या माशांचा दुकानदार म्हणाला होता, "खाणं जास्त होतंय, वहिनी. उरलेलं कुजतं आणि शेवाळ त्यावरच पोसतं." अहो, पण खाणं बंद करूनच महिना झालाय. तरी मासे गलेलठ्ठ!

दुसरं कोडं घरात होतं. ऑपरेशननंतर ह्यांचं वजन उतरतच चाललं होतं. डॉक्टर मलाच विचारायचे, "जेवतात ना नीट?" जेवतात म्हणजे काय! रोज ताट घेऊन हौदाच्या पायरीवर बसतात, मासे बघत जेवतात आणि ताट लख्ख करून आत आणतात. मग ते अन्न जातं तरी कुठे? माझं डोकं चालेनासं झालं होतं.

दमून मी ह्यांच्याच पायरीवर टेकले. हात रिकामे होते, तरी सगळे मासे झुंडीनं माझ्या पायांशी आले आणि तोंडं उघडून वर बघत राहिले. पाण्याखाली, पायरीच्या कडेला मेतकूट-भाताचा अख्खा घास अडकला होता. सकाळीच कालवून दिलेला.

आतून ह्यांचा आवाज आला, "भात फक्कड झाला होता हं आज!"

"उद्यापासून मीही माझं ताट इथेच घेऊन येते," मी म्हटलं. "दोघं मिळून जेवू."

ते हळूहळू परसदारापर्यंत आले.

"मग मला दोनच घास वाढ," ते म्हणाले. "जास्त गिळवत नाही गं."