शिफ्टनंतरचे हात

दुकानात संपदाने उचललेला गेमचा तिसरा वायरलेस कंट्रोलरही हातात थरथरला आणि बंद पडला.

"ताई, क्रेनवर आहात का?" दुकानदाराने विचारलं.

"हो. बंदरातली क्रेन, घरूनच चालवते."

"मग हात कंपनीच्या नावावर असणार. उद्याच्या शिफ्टला ते ताजे लागतात, म्हणून शिफ्टबाहेर दमवायला बंदी. तुमचा तळवा ओळखला की कुठलाही कंट्रोलर बंदच होणार."

करारातलं ते कलम संपदाला ठाऊक होतं. तरी ती आली होती. धाकटा भाऊ ओजस फार दिवसांनी घरी आला होता आणि पीसीवर दोघांचा जुना गेम लावून तिची वाट बघत होता. लहानपणी स्वतः गेम खेळताना ती त्याच्या हातात वायर न जोडलेला रिमोट द्यायची. तो जीव तोडून बटणं दाबायचा आणि जिंकलो म्हणून घरभर नाचायचा.

तिने कोपऱ्यातला एक कंट्रोलर उचलला. तो थरथरला नाही.

"तो नुसता शोकेसमध्ये ठेवायचा आहे," दुकानदार म्हणाला. "आत काहीच नाही."

संपदाने दुखरे अंगठे त्याच्यावर टेकवले. बटणं छान दबत होती.

"हाच द्या," ती म्हणाली. "आज मी धाकटी."